टर्नर ए-थ्रीतच घ्या: पणजीतल्या एका प्रिंटवाल्याचा ‘पडकी चर्च’ संच

पाच प्रिंट्स, 300 जीएसएमचा कॉटन कागद, आकार सरसकट ए-थ्री, किंमत फ्रेमशिवाय 3,200 रुपये. फ्रेम हवी तर नगाला 1,150 वेगळे. दुकान पणजीत, मळ्याच्या अंगाला, दोन दरवाजांचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी यायच्या आहेत आणि माणूस भला आहे. उगाच त्याच्या पोटावर पाय नको. पणजीत ज्यांना चित्रं मढवायची असतात त्यांना ते दुकान ठाऊक असतंच.

लेबलावर लिहिलंय ‘रोमँटिक काळातली भग्न चर्चची ड्रॉइंग्ज’, म्हणजे साधारण 1800 च्या आसपासची. आत टर्नरचं टिंटर्न, गर्टिनचं कर्कस्टॉल, कॉटमनचं ज्युमिएझ, त्याच ज्युमिएझचा एका फ्रेंच ग्रंथमालेतला लिथोग्राफ, आणि फ्रीडरिश. टर्नर, गर्टिन, कॉटमन हे इंग्रज चित्रकार, फ्रीडरिश जर्मन; बाकीची नावं पडक्या मठांची. मोठ्या संग्रहालयांनी आपल्या स्कॅन इंटरनेटवर मोकळ्या केल्यापासून (येलच्या संग्रहालयांनी 2011 मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने 2017 मध्ये) असे संच निघायला लागलेत. फुकटची फाइल, चांगला कागद, बरा प्रिंटर. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच की फाइल निवडणाऱ्याला आपण काय छापतोय ते कळतं का.

मी फोंड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. हाताने शाईचे प्लॅन काढले, मग ऑटोकॅड आलं, आता कोणी हातात पेन्सिल धरत नाही. धुकं, संध्याकाळ, उदासी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी नजर आधी रेषेवर जाते: भिंत कुठे जोडलीय, कमान कशावर उभी आहे, आणि छप्पर गेल्यावर तिला तोलून कोण धरतंय. त्या नजरेने हा संच पाहिला, आणि पाचांतली तीन चित्रं त्या नजरेला पुरून उरली.

पहिलं टर्नर. वेल्समध्ये वाय नदीच्या काठी टिंटर्नचा मठ आहे, 1131 मध्ये स्थापन झालेला आणि 1536 मध्ये आठव्या हेन्रीने बंद केलेला. छपराचं शिसं उतरवून विकलं, की इमारतीत पाऊस शिरतो, आणि मग पाडायला वेगळी माणसं लावावी लागत नाहीत. टर्नर तिथे गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. हे चित्र 1794 चं, म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराचं. आपल्याकडे या वयाची मुलं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात इलेव्हेशनच्या खिडक्या कॉपी-पेस्ट करत असतात.

त्यात काय आहे? मधल्या चौकात उभं राहून पूर्वेच्या मोठ्या खिडकीकडे बघणं. वर मनोरा नाही, पण त्याला पेलणाऱ्या कमानी उभ्या आहेत. कमानींवरून वेल लोंबतेय. काच नसलेल्या खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसतं. आता जवळ जा, अगदी नाक लागेल इतकं. रंगाच्या पातळ हाताखाली पेन्सिल दिसते. ती चाचपडत काढलेली नाही. खांबातून कमान जिथे सुटते तिथे तिची वळणं एकेक करून मोजल्यासारखी वर नेलीत. जिथे छत पडलं तिथे भिंतीतून बाहेर आलेले दगडांचे खुंट सोडलेत, आणि त्या खुंटांवरून छत कुठल्या बाजूला किती वजन टाकत होतं ते सांगता येतं. प्रकाश आहे, भव्यता आहे, सगळं आहे. पण ते सगळं या रेषेच्या जिवावर उभं आहे.

मूळ चित्र साधारण 36 बाय 25 सेंटीमीटरचं. ए-थ्री म्हणजे 42 बाय 29.7. चारी बाजूंना पांढरी पट्टी सोडली की हा प्रिंट जवळजवळ मूळ मापाचा होतो. हे दुकानदाराने ठरवून केलेलं नाही, जुळून आलंय, पण संचातलं सगळ्यात चांगलं काम याच जुळून येण्याने झालंय. दुकानाच्या भिंतीवर हेच चित्र ए-वनमध्ये लावलंय, रिसॉर्टवाले नेतात म्हणे. मालक मलाही म्हणाला, “बाय, व्हडलें घे, व्हडलें बरें दिसता.” नाही दिसत. तीच नाजूक पेन्सिल सुतळीएवढी जाड होते, रंगाचा थर फाटल्यासारखा दिसतो, आणि हातात धरून बघायचं चित्र लॉबीतला फलक होऊन बसतं. टर्नर ए-थ्रीतच घ्या.

टिंटर्नचा विषय निघालाच आहे तर विल्यम गिल्पिन या पाद्रीबाबाचं सांगितलंच पाहिजे. वाय नदीच्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक 1782 मध्ये निघालं आणि ‘पिक्चरेस्क’, म्हणजे चित्रात शोभतील अशी स्थळं बघत फिरायची टूमच निघाली. त्याला टिंटर्नच्या आढ्याच्या त्रिकोणी भिंती फार नीटनेटक्या वाटल्या. हातोडा घेऊन बेताने थोडं तोडलं तर दृश्य सुधारेल असं त्याने चक्क लिहून ठेवलंय. आणि लगेच कंसात, पण कोणाची हिंमत होणार? आमच्याकडे क्लायंट भिंत ‘थोडी मागे’ घ्यायला सांगतात. त्यांची परंपरा इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरं गर्टिन. टर्नरच्याच वयाचा, दोघेही 1775 चे, आणि सत्ताविसाव्या वर्षी 1802 मध्ये गेला. लंडनच्या डॉ. मन्रोंच्या घरी संध्याकाळी सहा ते दहा ही दोन पोरं बसून दुसऱ्यांची चित्रं उतरवायची. गर्टिनने रेषा काढायची, टर्नरने वर रंगाचा हात फिरवायचा. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग. म्हणजे एक ड्राफ्ट्समन आणि एक रेंडरिंगवाला! आमच्या ऑफिसात आजही कामाची वाटणी अशीच आहे, फक्त रेंडरिंगवाल्याला पगार जास्त. टर्नर पुढे म्हणायचा की टॉम (म्हणजे गर्टिन) जगला असता तर मी उपाशी मेलो असतो.

कर्कस्टॉल हा लीड्सजवळचा मठ, 1152 चा, 1539 मध्ये बंद. नंतर कित्येक वर्षं लीड्सला जाणारा रस्ता सरळ चर्चच्या मधल्या दालनातून जात होता. 1779 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा त्याच्या तीनच वर्षं आधी, 1776 मध्ये गेला. गर्टिन जवळून बघत नाही. तो लांब उभा राहतो, मठ आडवा पसरू देतो आणि आभाळाला अर्ध्याहून जास्त कागद देतो. मला आधी हे कमी वाटलं, मग पटत गेलं. पडकी इमारत जवळून पाहिली की तिच्या जखमा दिसतात; गर्टिनच्या अंतरावरून दिसतं की ती जमिनीशी कशी मिळत चाललीय.

प्रिंट चांगला आहे, एक गोष्ट लक्षात ठेवून. गर्टिनच्या चित्रांतली नीळ उजेडाने उडालीय. आज त्याची जी आभाळं तांबूस-तपकिरी दिसतात ती काढताना बऱ्याचदा निळी-करडी होती. स्कॅन आजच्या स्थितीची असणार, त्याला इलाज नाही. पण लेबलावर ‘सोनेरी सांजेचं आभाळ’ असं लिहिलंय ते खोडायला हवं. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला सोनेरी आवडतं.

कॉटमन हा माझा माणूस. नॉर्विचचा जॉन सेल कॉटमन 1817, 1818 आणि 1820 मध्ये नॉर्मंडीत जाऊन आला आणि त्यातून तिथल्या जुन्या वास्तूंचा शंभर एचिंग्जचा (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रांचा) ग्रंथ 1822 मध्ये निघाला. पहिल्या फेरीला त्याच्याजवळ कॅमेरा ल्युसिडा होता, कोणीतरी उसना दिलेला. दांडीवर बसवलेला छोटासा प्रिझम. त्यातून खाली बघितलं की समोरची इमारत आणि तुमचा कागद एकावर एक दिसतात, आणि तुम्ही बाह्यरेषा गिरवत जाता. काहींना ही लबाडी वाटेल. मला वाटत नाही. नॉर्मंडीतल्या ज्युमिएझच्या मठाचा दर्शनी भाग कागदावर उभारताना कॉटमनने कुठला दगड काळा करायचा आणि कुठे कागद कोरा सोडायचा हे जे ठरवलंय, ते काम प्रिझम करत नाही.

हा प्रिंट भिंगाखाली धरा. दोन मनोऱ्यांमधली भिंत जवळजवळ मोकळी ठेवलीय, सगळा भार मनोऱ्यांच्या उभ्या रेषांवर. कडा फुटलेल्या आहेत तिथे रेष तुटते, पुढच्या दगडावर पुन्हा सुरू होते. कुठेही ‘अंदाजे’ नाही. दुकानदाराने मात्र पार्श्वभूमीला ‘अँटिक’ म्हणून चहाच्या डागासारखा पिवळट रंग मारलाय. पांढऱ्या कागदावरची काळी रेष हीच एचिंगची सगळी मिळकत. ती अशी मळवायची कशाला? मागितलात तर न रंगवलेला छापून देतो, जादा पैसे घेत नाही. मागाच.

फ्रेंच लिथोग्राफबद्दल थोडक्यात. टेलर, नोदिए मंडळींनी 1820 मध्ये जुन्या फ्रान्सच्या सचित्र प्रवासांची ग्रंथमाला सुरू केली, ती 1878 पर्यंत चालली. सुरुवात नॉर्मंडीपासून. दगडी पाटीवर तेलकट खडूने काढून छापायची ही पद्धत तेव्हा नवी होती, विसेक वर्षांची, आणि खडूचा तो दाणेदार करडा रंग पडक्या दगडाला शोभतो. ज्युमिएझचा मठ फ्रेंच क्रांतीनंतर विकला गेला आणि दगडाची खाण म्हणून वापरला गेला, हे ठाऊक असलं की चित्रातला ढिगारा वेगळा दिसतो. दुकानाच्या प्रिंटमध्ये फाइल नको इतकी शार्प केलीय, सगळे दाणे वाळूसारखे टोचतात. पैसे वाया.

आता फ्रीडरिश, म्हणजे मुख्य तक्रार.

‘ओकच्या रानातला मठ’ हे ड्रॉइंगच नाही. 1809-10 मधलं तैलचित्र आहे, 110 बाय 171 सेंटीमीटर, बर्लिनच्या आल्टे नॅशनालगॅलरीत. प्रशियाच्या राजाने तेव्हाच विकत घेतलेलं. ड्रॉइंगच्या संचात ते फक्त प्रसिद्ध आहे म्हणून घुसवलंय. बरं, घुसवलंय ते कसं? पावणेदोन मीटर रुंदीचं चित्र ए-थ्रीत, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम पंधरावा हिस्सा. बर्फातून शवपेटी घेऊन दारातून आत चाललेले साधू मुंग्यांएवढे झालेत आणि खालचा धुक्याचा पट्टा नुसता काळा. आणि सगळ्यावर पिवळी झाक. 2016 मध्ये हे चित्र मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा लागलं. जुनं वॉर्निश उतरलं आणि आभाळ उजळलं. दुकानाची फाइल त्याच्या आधीची असावी.

मजा अशी की फ्रीडरिशकडे ड्रॉइंग्ज भरपूर आहेत. या चित्रातली पडकी खिडकी एल्डेनाच्या मठाची आहे, त्याच्या ग्राइफ्सवाल्ड गावाजवळची, 1199 च्या मठाची. त्या मठाच्या विटा गावाच्या तटबंदीला गेल्या. तो तिथे जाऊन पेन्सिलने वीट न् वीट बघून आलाय, आणि मग घरी बसून तोच मठ कधी ओकच्या रानात, कधी थेट डोंगरांत नेऊन ठेवतो. आमच्या धंद्यात खोटा साइट प्लॅन काढला तर पंचायत परवाना रद्द करते. पण रेष खरी असल्याशिवाय ही अशी हलवाहलव पचत नाही, हे त्याच्याकडून शिकावं. त्याची एल्डेनाची एखादी साधी पेन्सिल स्टडी संचात असती तर हा परिच्छेद मी आनंदाने लिहिला असता.

फ्रेमिंग. इथे दुकानाला पैकीच्या पैकी नाही, पण पास. गोव्यात कागद मढवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: काच कागदाला टेकता कामा नये, पाठीमागे साधं प्लायवूड नको, आणि फ्रेम भिंतीला घट्ट चिकटवायची नाही. जून ते सप्टेंबर भिंत ओली असते. काचेला घाम आला की कागदावर आधी लाटा, मग तांबडे ठिपके. जाड माउंट (काच आणि कागद यांच्यामधला पुठ्ठा) मागितला, दिला. मागे कोपऱ्यांना रबराची बटणं लावा म्हटलं, लावली. पण गर्टिनच्या फ्रेममध्ये माउंट बारीक निघाला आणि पहिल्याच मोठ्या पावसात कागद फुगला. परत नेली तर हुज्जत न घालता पुन्हा करून दिली, मात्र ‘शुक्रवारी’ म्हणून सांगितलेली चवथीनंतर मिळाली. चवथीच्या तोंडावर गोव्यात कोणाकडून काही मिळायची अपेक्षा धरणं हेच चूक, हे खरं. दुपारी एक ते चार शटर खाली, तेव्हा जाऊ नका.

घरी आणल्यावर वेगळंच निघालं. सासूबाईंनी टर्नर बघितला आणि म्हणाल्या, “अगो, पडक्या देवळाचं चित्र घरात लावतात का?”

“आई, देऊळ नाही ते. चर्च आहे.”

“मग? देवाचंच घर ना?”

याला उत्तर नव्हतं. भग्न मूर्ती पुजत नाहीत, तडकलेला आरसा ठेवत नाहीत, त्याच हिशेबात हे. टर्नर माझ्या कामाच्या खोलीत गेला, आमच्यात तडजोड झाली. नंतर एकदा त्याच चष्मा लावून त्याच्यासमोर उभ्या होत्या. “ही वेल काढत नाहीत का कोणी? भिंत खाईल ना ती.” बरोबर बोलल्या. 1901 मध्ये टिंटर्न सरकारने विकत घेतलं आणि नंतर डागडुजीत वेली उतरवल्याच. टर्नरने काढलेलं ते हिरवं तोरण आज तिथे नाही.

संच घ्यायचा की नाही हे ठरवायला मी एक सोपी चाचणी लावली. टर्नरचा प्रिंट नळीत घालून जुन्या गोव्याला, होली हिलवर नेला. सेंट ऑगस्टीनचं चर्च 1602 मध्ये पुरं झालं. 1835 मध्ये धर्मसंघांना घालवलं, चर्च ओस पडलं, 1842 मध्ये छत कोसळलं. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग 1931 मध्ये गेला, 1938 मध्ये आणखी थोडा. 46 मीटरचा मनोरा जो उरलाय तो चिऱ्याचा, आपल्या लाल जांभ्याचा. त्याची मोठी घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे, या दुकानापासून काही मिनिटांवर.

लोक मनोऱ्यासमोर सेल्फी काढतात आणि जातात. मी टर्नर उघडला आणि त्याच्यासारखं बघायला लागले: चिऱ्याचे थर मोजत, कमान कुठे भिंतीत शिरत होती तो खळगा शोधत. मग दिसलं की इथे तसे रेखीव खुंट नाहीत. टिंटर्नचा दगड कोरीव राहतो. चिऱ्यावरचा चुन्याचा गिलावा गेला की पाऊस चिरा पोखरत जातो, कडा गोल होतात. म्हणूनच जुन्या गोव्यातल्याच बाँ जेझुसच्या चर्चचा गिलावा 1950 च्या दशकात काढला त्याबद्दल आजही वाद चालतो. हा फरक इतकी वर्षं ये-जा करून डोळ्यांना जाणवला नव्हता. एका एकोणीस वर्षांच्या इंग्रज पोराच्या पेन्सिलीने जाणवून दिला. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या भिंतीही अशाच बघायला हव्यात. तिथे आपण चिमाजी अप्पा आणि 1739 यापलीकडे काही बघतच नाही.

तेव्हा पूर्ण संच घेऊ नका. मालक सुटे देतो, नगाला 750. टर्नर आणि कॉटमन डोळे मिटून, कॉटमन न रंगवलेला. गर्टिन घेतलात तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या बैठकीत) तर नाहीच. बाकीचे दोन त्याच्याकडेच राहू द्या.

आणखी एक. त्याच्याकडे ‘ओल्ड गोवा’ म्हणून वेगळा कप्पा आहे: निळं आभाळ, पांढरंशुभ्र चर्च, नारळ, सगळं टूरिस्टांसाठी. पडकं काही नाही, मोजून काढलेलं काही नाही. मी त्याला आन्तोनियु लोपिश मेंदिश यांच्या 1886 मध्ये लिस्बनला छापलेल्या, पोर्तुगीज हिंदुस्थानावरच्या सचित्र ग्रंथाबद्दल सांगितलं. त्यातली गोव्याची चित्रं स्वामित्वहक्कातून कधीच मोकळी झालीत. त्याने नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, ती विकली जातील का? मी म्हटलं, दोन तर माझ्याकडूनच घ्या, आगाऊ पैसे देते. ए-फोरमध्ये, आणि पिवळा रंग मारायचा नाही.